भालाही सरांकडे, कबड्डीही सरांकडे

पोराला नीटच्या क्लासला घालायला बार्शीतला बाप लातूरला जातो, तेव्हा पहिला प्रश्न काय विचारतो? फिजिक्सला कोण आहे? मग केमिस्ट्रीला कोण, बायोला कोण, संध्याकाळी अडलेलं सोडवून द्यायला कोण बसतं? तिन्ही विषय एकच सर घेतात असं सांगितलं, तर बाप पोराची बॅग उचलून परतीची एसटी धरील. आणि ते अगदी बरोबर आहे.

त्याच बापाची थोरली पोरगी बार्शीतल्या महाविद्यालयात भाला फेकते. भाल्याला कोण आहे, हे त्यानं कधी विचारलेलं नाही. प्राचार्यांनी विचारलेलं नाही, संस्थेच्या सभेत कुणी विचारलेलं नाही आणि विद्यापीठानंही विचारलेलं नाही. ‘सर आहेत की’ एवढ्यावर सगळ्यांचं भागतं.

सर आहेत, पण एकटेच आहेत. माझं भांडण सरांशी नाही. ज्यांनी त्यांना एकटं ठेवलं, त्यांच्याशी आहे.

मैदानी स्पर्धा हा एक खेळ आहे, असं समजणाऱ्यांनी जरा मोजून बघावं. शंभर, दोनशे आणि चारशे मीटर. आठशे आणि पंधराशे. पाच हजार आणि दहा हजार. अडथळ्यांच्या दोन शर्यती, तीन हजार मीटर स्टीपलचेस, चालण्याची शर्यत, दोन रिले. लांब उडी, उंच उडी, तिहेरी उडी, बांबू उडी. गोळा, थाळी, भाला, हातोडा. वीस प्रकार इथंच ओलांडले. शंभर मीटरवाल्याचा सराव दहा हजारवाल्याला दिला तर तो आठवड्यात आडवा होईल. गोळाफेकवाल्याला लागणारी ताकद उंच उडीवालीच्या अंगावर चढवली तर ती उडायचीच नाही. आणि हे सगळं बघणाऱ्या सरांकडेच कबड्डी आहे, खो-खो आहे, व्हॉलीबॉल आहे, कुस्ती आहे, पावसाळ्यात बुद्धिबळ आणि कॅरमही आहे.

शिवाय पात्रता अर्ज भरायचे, टीए-डीएची बिलं लावायची, ट्रॅकसूटची मापं घ्यायची, डेडस्टॉक रजिस्टर लिहायचं, प्रवेश समितीत बसायचं, परीक्षेला पर्यवेक्षण करायचं, पाहुणे आले की व्यासपीठ आणि खुर्च्या बघायच्या. स्पर्धेच्या दिवशी खेळाडूंच्या वडापावची सोयही त्यांचीच. यातून उरलेल्या वेळात त्यांनी खेळाडू घडवायचा.

नियम काय म्हणतो तेही बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाला शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी लागते, नेट-सेट किंवा पीएचडी लागते, स्वतः स्पर्धा खेळल्याचा दाखला लागतो. आणि एक शारीरिक चाचणी द्यावी लागते. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवारानं बारा मिनिटांत १८०० मीटर, त्याच वयाच्या महिलेनं आठ मिनिटांत १००० मीटर. उमेदवार किती पळतो, हे आयोगानं मीटरमध्ये मोजून ठेवलंय. दुसऱ्याला पळायला शिकवता येतं का, हे मात्र मोजलेलं नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणाची पदविका, जिला मैदानावर सगळे ‘एनआयएस’ म्हणतात, ती या पदाला सक्तीची नाही. म्हणजे हे पद मुळात प्रशिक्षकाचं नाहीच. ते खेळ-विभागाच्या व्यवस्थापनाचं आहे. प्रशिक्षकाचं पद वेगळं असायला हवं होतं आणि ते महाविद्यालयाच्या कर्मचारी यादीत बहुतेक ठिकाणी नाहीच. ती रिकामी खुर्ची आपण एकट्या सरांच्या अंगावर टाकून मोकळे झालो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ बघा. टेप, दोरी, फक्कीचं घमेलं. चारशे मीटरचा ट्रॅक आखायचा म्हणजे सरळ दोन रेघा मारून होत नाही. लेन १.२२ मीटर रुंद असेल, तर चारशेच्या शर्यतीत दुसऱ्या लेनचा खेळाडू पहिल्यापेक्षा ७.०४ मीटर पुढं उभा करावा लागतो आणि तिसरा १४.७० मीटर पुढं. वळणाचं अंतर सगळ्यांना सारखं पडावं म्हणून हा हिशेब. जुन्या सरांना हे आकडे तोंडपाठ असतात. वाकून वाकून कंबर धरलेली, बोटं फक्कीनं पांढरी झालेली, अंधार पडला की गाडीचा दिवा लावून उरलेल्या लेन मारायच्या. ग्राउंडमन असतो किंवा नसतो. हे काम ज्ञानाचं आहे आणि कष्टाचंही. पण त्या संध्याकाळी सर रेघा मारत असतात, तेव्हा त्यांची आठशेवाली मुलगी एकटीच कोपऱ्यात वॉर्मअप करत असते. उद्या पहिला चारशेचा फेरा किती सेकंदांत काढायचा, हे तिला सांगणारं कुणी नसतं.

भाल्याचं तर विचारूच नका. मुलींचा भाला ६०० ग्रॅमचा. हातात घेतला तर वजन काहीच वाटत नाही आणि तिथंच घोटाळा होतो. ताकदीच्या जोरावर दगड भिरकावल्यासारखा भाला फेकायला जातात. कोपर खांद्याच्या खाली पडतं, हात बाजूनं फिरतो. उजव्या हातानं फेकणारीचा डावा पाय पुढं घट्ट रोवला गेला पाहिजे आणि तोवर भाल्याचा हात मागंच राहिला पाहिजे. पाय, मग कंबर, मग खांदा, सगळ्यात शेवटी हात. हा क्रम बसायला महिनोन् महिने जातात आणि शेजारी उभं राहून प्रत्येक फेकीला ‘कोपर वर’ म्हणणारा माणूस लागतो. असा माणूस नसला की पोरगी चुकीचीच फेक शंभरदा घोटवते. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं, घरी हळद-तेल लावतात, आणि दुसऱ्या वर्षी ती मैदानावर येणं बंद करते. हे एका मैदानावर माझ्या डोळ्यांदेखत झालंय. त्या वेळी सर तिकडं कबड्डीचा संघ निवडत होते, कारण कबड्डीची स्पर्धा परवावर आली होती. चूक कुणाची धरायची?

आता कुणी म्हणेल, आपल्या मातीत ते व्हायचंच नाही. खोटं आहे ते. नाशिकला बघा. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी तिथं भोसला मिलिटरीच्या आवारात ठाण मांडलं आणि फक्त लांब पल्ल्याचं धावणं धरलं. ना कबड्डी, ना कॅरम. त्यांच्या हाताखाली सावरपाड्याची कविता राऊत तयार झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत दहा हजारला रौप्य आणि पाच हजारला कांस्य. त्याच ठिकाणाहून मोनिका आथरे लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. संजीवनी जाधवनं २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजारला रौप्य आणलं. विद्यापीठ स्पर्धेत, हे लक्षात घ्या. महाविद्यालयात शिकणारी, त्र्यंबकेश्वर-चांदवडकडच्या खेड्यांतली ही पोरं. एक माणूस, एकच प्रकार, वर्षानुवर्षं तेच मैदान. यात दैवी काही नाही.

केरळनं हे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ओळखलं. राज्याच्या क्रीडा परिषदेनं महाविद्यालयांना खेळाडूंची वसतिगृहं जोडली, प्रशिक्षक नेमले. पालक्काडच्या मर्सी कॉलेजात शिकणारी एम. डी. वलसम्मा १९७९ साली आंतरविद्यापीठ स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत पदक घेऊन गेली. ती स्पर्धा कुठं झाली होती? आपल्या पुण्यात. पुढं ए. के. कुट्टी या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार होऊन १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत तिनं चारशे मीटर अडथळ्यांचं सुवर्ण जिंकलं. पी. टी. उषाच्या मागं कन्नूरच्या क्रीडा वसतिगृहातले ओ. एम. नंबियार होते. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार पहिल्यांदा दिला, तेव्हा पहिल्या तिघांत त्यांचं नाव होतं. त्याच यादीत कुस्तीसाठी भालचंद्र भास्कर भागवतही होते. म्हणजे गुरूचं मोल आपल्याला कळत नाही असं नाही. ते मैदानी खेळात, महाविद्यालयाच्या पातळीवर, महिन्याच्या पगारात उतरवायची वेळ आली की आपला हात आखडतो.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांचा संघ बघितला तर एक मुख्य प्रशिक्षक असतो आणि त्याच्या हाताखाली वेगवान धावण्याला वेगळा, लांब पल्ल्याला वेगळा, उड्यांना वेगळा, फेकीला वेगळा, शिवाय ताकदीचा व्यायाम घेणारा आणि दुखापत बघणारा. बार्शीत एवढा फौजफाटा कुणीही मागत नाहीय. मीही नाही.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा दाखला बीड जिल्ह्यात आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावी झाल्यावर तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि स्पर्धेच्या धावण्याला लागला तो २०१५ मध्ये, पलटणीतल्या साथीदारांनी ढकलल्यावर. सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. या शर्यतीत पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि जड असतो. पाय लागला तर तो पडत नाही, खेळाडू पडतो. असे अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. पुढं राष्ट्रकुलचं रौप्य, हांगझौ आशियाई स्पर्धेचं सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, आणि ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेला या शर्यतीतला पहिला भारतीय पुरुष. अविनाशला सैन्यानं शोधलं, याचा अभिमान आहेच. पण आपल्याकडची जी पोरं सैन्यात जात नाहीत, त्यांना शोधणार कोण? आणि मुलींना?

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरनं रिओत २०१६ मध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. ट्रॅकवर ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत भारतीय महिला उतरायला १९८४ च्या उषानंतर बत्तीस वर्षं लागली. तिला तिथवर नेणारे निकोलाय स्नेसारेव बेलारूसचे. माणची पोरगी, बेलारूसचा गुरू, राष्ट्रीय शिबिर बंगळूरचं. मधल्या टप्प्यावर, म्हणजे सतरा ते एकवीस या वयात, आपल्या तालुक्यांतली महाविद्यालयं तिच्यासारख्या मुलींना काय देतात, हा माझा प्रश्न आहे. त्या वयात घडतं तरी, नाहीतर सुटतं तरी.

बार्शीत पहाटे कुर्डुवाडी रोडला किंवा लातूर रोडला जा. डांबरावर पोरं पळताना दिसतील. बहुतेक सगळी पोलीस भरतीची. पुरुषांना १६०० मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, मिळून पन्नास गुण. या पन्नास गुणांसाठी घरचे कर्ज काढून अकॅडमीची फी भरतात. त्यात वावगं काहीच नाही, नोकरी लागते. पण याचा अर्थ असा की तालुक्याच्या गावात मैदानी खेळ शिकवून पोट भरणारी माणसं आहेत, शिकणारी पोरं आहेत आणि पैसे मोजणारे पालकही आहेत. फक्त हे सगळं महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर चाललंय. गोळ्याची भरतीपुरती फेक शिकवतात, सोळाशे मीटर कसेबसे पाच मिनिटांच्या आसपास बसवतात आणि भरती झाली की पोरगा बूट ठेवून देतो. त्यातला एखादा खरंच आठशेचा राज्यविजेता झाला असता, हे बघायला तिथं कुणाकडे वेळ नाही.

मुलींबद्दल उघड बोललं पाहिजे. लांब पल्ला धावणाऱ्या मुलींच्या अंगात लोह कमी पडणं ही नेहमीची गोष्ट आहे. पाळी अनियमित होते, पायाच्या नळीचं हाड दुखत राहतं. हे ती पुरुष सरांना सांगत नाही. सांगणारही नाही. मैदानावर एक तरी महिला प्रशिक्षक असावी, ही मागणी सोयीची म्हणून करत नाही, पोरींच्या हाडांचा प्रश्न आहे म्हणून करतोय. आणि औषधांचंही तसंच. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, स्पर्धेच्या वेळी त्याचं ठरावीक प्रमाणापुढं लघवीत सापडणं म्हणजे उत्तेजकाचा ठपका. हे खेळाडूला आधीच सांगायला जाणता माणूस लागतो. उत्तेजकविरोधी तपासणीत ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून कुणी सुटत नाही.

बार्शीला तज्ज्ञ माणसं आणता येत नाहीत, असं मला कुणी सांगू नये. कर्करोगाची देशातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये याच गावात सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्याखेड्यांत फिरून माणसं रुग्णांची नोंद करायला लागली आणि ते आकडे जगातल्या संशोधकांनी वापरले. कर्मवीर मामासाहेब जगदाळ्यांनी बोर्डिंगात खेड्यातली पोरं ठेवून घेतली, शाळा-महाविद्यालयं काढली, त्यांच्या नावाचं हॉस्पिटल उभं आहे. टेनिसची प्रार्थना ठोंबरे याच गावची. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचं कांस्य, २०१६ ला तिच्याचबरोबर रिओ ऑलिंपिक. ज्या गावानं हे करून दाखवलं, त्याला भाल्याचा एक प्रशिक्षक जड जातो?

पैशाचं रडगाणं नको. केंद्राच्या ‘खेलो इंडिया’ योजनेत जिल्ह्यातल्या छोट्या केंद्राला सुरुवातीला एकदा पाच लाख आणि नंतर वर्षाला पाच लाख रुपये धरलेले आहेत. त्या वार्षिक रकमेत माजी खेळाडूचं मानधन, मदतनीस, साहित्य आणि स्पर्धेचा खर्च बसवायचा असतो. म्हणजे सरकारच्याच हिशेबानं पाच लाखांत एका खेळाचं वर्ष निघतं. महाविद्यालयं प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडा शुल्क घेतात. ते शुल्क कशावर जातं, हे पालकांनी पावती हातात धरून विचारावं. नॅकच्या अहवालात विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या पदकांचा रकाना असतो. तो भरताना सगळे आनंदानं धावाधाव करतात. पदक मिळवून देणाऱ्याला मानधन द्यायच्या वेळी तेवढीच धावाधाव दिसली पाहिजे.

माझी मागणी लहान आहे. बार्शीत श्री शिवाजी महाविद्यालय आहे, बी. पी. सुलाखे कॉमर्स कॉलेज आहे, झाडबुके महाविद्यालय आहे. प्रत्येकानं चार-चार प्रशिक्षक ठेवावेत असं कुणी म्हणत नाही. तिघांनी मिळून तीन माणसं नेमावीत. एक धावण्याला, एक फेकीला, एक उड्या आणि अडथळ्यांना. तिघांतली किमान एक महिला. आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत. भाल्याची मुलगी कुठल्याही महाविद्यालयाची असो, फेकीच्या प्रशिक्षकाकडे सगळ्यांनी एकाच मैदानावर जावं. स्पर्धेत आपापला संघ वेगळा उतरवा, गुण वेगळे घ्या, ढाल ज्याला मिळेल त्यानं मिरवावी. सरावापुरतं एकत्र या. सध्याच्या क्रीडा संचालकांच्या अंगावरचा भारही त्यानं निम्मा होईल आणि ज्यासाठी ते या पेशात आले, ते मैदान त्यांना परत मिळेल.

संस्थाचालकांत जुन्या चुरशी असतील. मैदान कुणाचं, बोर्डावर नाव कुणाचं, यावरून बैठक फिसकटू नये एवढंच बघा. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झालं. आधी कोल्हापूरच्या विद्यापीठाच्या स्पर्धांना पार तिकडं जावं लागायचं, आता विद्यापीठाचं केगावचं आवार तासा-दीड तासावर आहे. अंतर कमी झालं, सराव मात्र तेवढाच राहिला. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या तोंडावर थोड्या दिवसांचं शिबिर लावून वर्षभराची उणीव भरून निघत नाही. विद्यापीठानं अशा सामायिक प्रशिक्षकाच्या मानधनात निम्मा वाटा उचलावा. मग बार्शीनंतर पंढरपूर, अकलूज, करमाळाही पुढं येतील.

आणि शेवटचं बोलणं तुमच्याशी, जे कधीकाळी याच मैदानांवर धावलात. कुणी पोलीस खात्यातून निवृत्त झालाय, कुणी सैन्यातून सुभेदार होऊन आलाय, कुणी पतियाळाची पदविका घेऊन शेती बघतोय. तालुक्यात तुम्ही आहात, मला माहीत आहे. वाट बघत बसू नका. प्रवेश सुरू असतानाच प्राचार्यांची वेळ घ्या, प्रमाणपत्रं बरोबर न्या आणि कुठला प्रकार शिकवणार ते एका ओळीत लिहून द्या. मानधन मागा, फुकट शिकवू नका. फुकटच्या माणसाला कुणी वेळापत्रकात बसवत नाही.